हाराचा खिळा

लिहायला बसण्याआधी वाचकांची क्षमा मागतो. लिहिणे हा माझा धंदा नव्हे. आमच्या घरात पिढ्यान्पिढ्या मेंढरे राखली. पूर्वेकडच्या दुष्काळी मुलखातून उठून सांगलीच्या कॉलेजात जाऊन बसलेला मी आमच्यातला पहिलाच. तिथे दोन वर्षे मी शेवटच्या बाकावर अंग चोरून बसलो आणि मग पोलीस खात्यात शिरलो. खात्यात मी हजारो पाने लिहिली, पण ती वरिष्ठांनी वाचायची असत. चार शहाण्या माणसांनी वाचावे म्हणून कधी एक ओळ लिहिली नाही. त्यामुळे हात अजूनही त्या शेवटच्या बाकावरच्या मुलासारखा अडखळतो. चुकेल तिथे सांभाळून घ्यावे.

पण ती एक तसबीर डोळ्यांपुढून हलत नाही. ती आपल्याबरोबर जाऊ नये, एवढ्यासाठी हे धाडस.

दुसरी मोठी लढाई अजून चालू होती. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्यावर मी नवा फौजदार होतो. अंगावरच्या गणवेशाची खळसुद्धा मोडली नव्हती. बाजाराच्या दिवशी सकाळी हजेरी संपते न संपते तोच एक म्हातारा काखेत घोंगडीत गुंडाळलेले काही तरी घेऊन आला. साठीच्या पुढचा, उंच, डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. ठाणे अंमलदाराच्या टेबलाऐवजी तो कागदांच्या कपाटासमोर उभा राहिला आणि कपाटालाच रामराम घालून बोलू लागला.

आमचे हवालदार जुने खोड. ते म्हणाले, "आबा, इकडं बघा. त्ये कपाट हाय. साहेब हितं बसल्यात."

"आसंल," म्हातारा म्हणाला, "पर कपाट निदान आयकून तरी घेत हुतं."

सगळे हसले. म्हातारा हसला नाही. त्याने घोंगडी सोडली. आत सागवानी चौकटीची तसबीर होती आणि काचेआड देवीचे रंगीत चित्र.

"माझा पोरगा चोरला," तो म्हणाला.

हळूहळू उलगडा झाला. म्हाताऱ्याचा एकुलता मुलगा पलटणीत होता. पूर्वेच्या आघाडीवर गेला आणि अडीच वर्षांपूर्वी सरकारी कागद आला, की ठावठिकाणा लागत नाही. मेला असेही नाही, आहे असेही नाही. घरात मुलाची एकच खूण होती, जाण्यापूर्वी गणवेशात काढलेला फोटो. म्हाताऱ्याने आता ठरवले होते, की येत्या अमावस्येला दर्भाचा पुतळा करून अग्नी द्यायचा, घरी फोटोला हार घालायचा आणि मुलाला वाटेला लावायचे. अमावस्येला आठ दिवस उरले होते.

तसबिरीची काच तडकली होती, म्हणून त्याने ती बाजारपेठेतल्या तसबिरी बांधणाऱ्या मिस्त्रीकडे दिली होती. काच बदला आणि वर हाराचा खिळा मारा, असे सांगितले. मिस्त्रीने काच बदलली, पण खिळा मारायला साफ नकार दिला. दोघांची दुकानात जुंपली. म्हाताऱ्याने कागदात बांधलेली तसबीर तशीच घरी नेऊन फडताळात ठेवली. आठ-दहा दिवसांनी गावच्या सुताराकडे नेली, पालथी घालून खिळा मारून घेतला, आणि ती सुलटी केली तेव्हा सुतार म्हणाला, "आबा, ह्यात तर देवी हाय. पोरगं कुठं हाय?"

"त्या मिस्त्रीनं खुन्नस काढली," म्हातारा म्हणाला. "त्याच्या दुकानात देवीच्या चित्रांचा ढीग पडलाय. पोराचं त्वांडच न्हाई, तर मी वाटंला लावू कुणाला?"

हवालदार माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "साहेब, कागदाच्या तुकड्याची कसली फिर्याद? समज देऊन लावून द्या." पण मला ते जमेना. आमच्या घरात माझ्या बापाचा फोटो नव्हता, त्याच्या बापाचा तर नाहीच. ज्या घरात असा कागद एकच असतो, तिथे तो नुसता कागद नसतो. मी चोरीचा गुन्हा नोंदवला. म्हाताऱ्याने अंगठा उठवला. दोन पंच बोलावून तसबिरीचा पंचनामा केला, लांबी-रुंदी मोजली, दर्शनी भागाचे वर्णन लिहिले, मागे वर्तमानपत्राचा कागद चिकटवलेला आहे असेही लिहिले. मग ती कापडात शिवून लाखेचे सील मारले आणि मुद्देमालात ठेवली. त्या पंचनाम्याचा मला फार अभिमान वाटला होता. त्यातच माझी चूक होती, ती पुढे येईल.

दुसऱ्या दिवशी खबर आली. पेठेतल्या चहाच्या दुकानाचा मालक आमचा खबऱ्या होता. भांडण झाले तेव्हा तो तिथेच कपबशा विसळत होता. त्याने सांगितले, की मिस्त्री सगळ्यांदेखत म्हणाला होता, "ह्या फोटोला हार चढू देणार न्हाई. काय वाट्टंल ते झालं तरी न्हाई."

हेतू मिळाला, संधी होती, शब्दही मिळाले. कोणत्याही नव्या फौजदाराला वाटेल तसे मला वाटले, की केस झाली. आणखी दोन दिवसांनी मी मिस्त्रीला ठाण्यावर आणवले.

माणूस पन्नाशीचा, किडकिडीत. हाताच्या बोटांना सरसाचा पिवळा रंग कायमचा बसलेला. हवालदारांनी कमरेचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला. मारण्यासाठी नव्हे, दाखवण्यासाठी. मिस्त्रीने पट्ट्याकडे पाहिले आणि म्हणाला, "बक्कल ढिलं झालंय, हवालदारसाहेब. मागून एक रिबीट मारून घ्या."

मी विचारले, "हार चढू देणार नाही, असं तुम्ही म्हणालात?"

"म्हणालो."

"का?"

"आवं साहेब, जित्या माणसाच्या तसबिरीला हाराचा खिळा मारायचा न्हाई, ही आमची रीत. माझ्या वस्तादानं शिकवल्याली."

"तो जिवंत आहे हे तुम्हाला काय ठाऊक?"

"मेलाय ह्ये तरी कुणाला ठावं हाय? सरकारला न्हाई, आबांना न्हाई. मग मी कोण खिळा मारणारा?" तो जरा पुढे झुकला. "गेल्याली माणसं आनि जिती माणसं, ह्यांचं काम निराळं असतंय. गेलेल्याची तसबीर पुढं झुकती टांगायची, म्हंजे हार काचंला घासत न्हाई. हाराचं पाणी काचंवरनं खाली उतरतं आनि खालच्या पट्टीत मुरतं, म्हनून ती पट्टी मेणानं भरून घ्यायची. जित्याची भिंतीला सपाट. एकदा का तसबीर झुकवली, की घरातली माणसं त्या माणसाकडं बघायचं बंद करत्यात. नुसता नमस्कार करत्यात."

मी कागद पुढे ओढला, पण यातले काय लिहून घ्यावे ते कळेना. वरिष्ठांचा निरोप होता, की संशयिताला अटक करून दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटपुढे उभे करा. मी त्याला तसे सांगितले. त्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा उतरला.

"साहेब, मी तुरुंगाला भीत न्हाई. पर लोक माझ्याकडं चित्रं ठेवत न्हाईत, आपली माणसं ठेवून जात्यात. फोटो चोरला म्हनून एकदा बेडी पडली, की मग माझ्याकडं आपलं मानूस कोन ठेवील?" मग म्हणाला, "मला ती तसबीर एकदा दावा. नुसती दावा."

सील फोडायचे तर पुन्हा पंच हवे होते. हवालदार कुरकुरले. मी पंच बोलावले, पंचांसमोर सील फोडले आणि तसबीर टेबलावर ठेवली.

त्याने ती उघडली नाही. आधी काचेवरून पाहिली. "देवीचं चित्र कातरीनं कापलंय. कड बघा, कशी लाटांवानी हाय. आमी पट्टी धरून सुरीनं कापतो, एका दमात." मग तसबीर पालथी घातली. सुताराने मारलेला हाराचा खिळा वरच्या पट्टीत उभा होता आणि कोपऱ्याच्या तिरक्या जोडाला बारीक चीर गेली होती. मिस्त्रीने त्या चिरेवर अंगठा फिरवला, दुखऱ्या दातावरून जीभ फिरावी तसा. "आडदांड! जोडाजवळ कुणी खिळा मारतं व्हय? मेढ्याकडची तसबीर पावसानं फुगती आनि फलटणकडची उन्हानं आकसती, म्हनून दोन्हीकडचे जोड निराळे बांधावे लागत्यात. ह्ये त्याला कोन सांगनार?"

मग त्याने चौकटीच्या आत पाठीमागून ठोकलेले बारीक खिळे पाहिले. "ह्ये खिळे माझेच हायत, पर मी ठोकल्याले न्हवंत. मी पक्कडीनं आडवे दाबून बसवतो, हातोडी लावत न्हाई, काचंला हिसका बसतो. आनि माझी भोकं ही बघा, अर्धं सूत खाली. आता खिळे वर बसल्यात." त्याने पुठ्ठ्यावर अंगठा दाबला आणि तो तिथेच थांबला. पुन्हा दाबला.

नंतर त्याने मागच्या वर्तमानपत्राच्या कागदाला नाक लावले. कोपऱ्यात एक थुंकीचे बोट फिरवले, पुन्हा वास घेतला.

"साहेब," तो हळूच म्हणाला, "हवालदारसाहेबांना आनि पंचांना चहा प्यायची इच्छा झाली आसंल."

मी खूण केली. ते बाहेर गेले.

"मी कागद चिकटवतो तो गव्हाच्या खळीनं. तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकतो, म्हंजे झुरळ, कसर लागत न्हाई. ह्यो कागद मेथीनं चिकटवलाय."

"मेथीनं?"

"तुमच्या आईनं सूप लिंपलं न्हाई कदी?"

मी खुर्चीत बसलो होतो तो एकदम आमच्या वस्तीवर जाऊन पोचलो. भिजवून वाटलेली मेथी, कागदाचा लगदा, उन्हात वाळत ठेवलेली सुपे आणि तो कडसर वास. माझ्या आईच्या हाताला तो दोन-दोन दिवस असे. तीन दिवस ती तसबीर माझ्या मुद्देमालात होती, मी पंचनाम्यात कागद लिहिला होता, पण त्याला नाक लावले नव्हते.

"म्हणजे घरातली बाई," मी म्हणालो.

"घरात बाई एकच हाय. आबांची सून." त्याने तसबीर माझ्याकडे सरकवली. "आनि साहेब, फोटो कुठं गेल्याला न्हाई. ह्यातच हाय. म्हनून तर खिळे वर बसल्यात. काच, पुठ्ठा, फोटो ह्यांच्या मानानं आतला भार जाड लागतोय."

मी टेबलाच्या कप्प्यातल्या पक्कडीला हात घातला. त्याने माझा हात धरला. फौजदाराचा हात संशयिताने धरलेला मी त्याआधी कधी पाहिला नव्हता.

"हितं उघडू नगा. हितं उघडली तर ती पोरगी चोर ठरंल. घरी उघडली तर घरची लेक ठरंल."

मी त्या दिवशी अटक केली नाही. केस डायरीत लिहिले, की घटनास्थळी जाऊन मुद्देमालाची तपासणी करणे जरूर आहे. वाक्य खरे होते. त्यात काय काय मावते, ते मला लिहितानाच कळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हवालदार, मिस्त्री आणि मी म्हाताऱ्याच्या गावी गेलो. अमावस्या चार दिवसांवर होती. ओसरीत दर्भाची जुडी आणून ठेवलेली होती. अंगणात उन्हाला तीन सुपे वाळत होती, ताजी लिंपलेली. वास अंगणभर पसरला होता. हवालदारांनी माझ्याकडे पाहिले. त्यांनाही सगळे समजले होते. चहा त्यांनी कान उघडे ठेवून प्याला होता.

सून पाण्याचा तांब्या घेऊन आली. विशी-बाविशीची असेल. माझ्या हातातली तसबीर पाहिली आणि तांब्या ओसरीच्या कडेला ठेवताना थोडे पाणी सांडले. आत गेली नाही. दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली.

मिस्त्रीने घोंगडीवर तसबीर पालथी घातली. ओल्या फडक्याने कागद भिजवून सोडवला, पक्कडीने एकेक खिळा काढून ओळीने ठेवला. लढाईच्या दिवसांत खिळासुद्धा मिळत नसे. पुठ्ठा उचलला. खाली हिरव्या खणाचा तुकडा होता, नीट चौघडी घातलेला. त्यात फोटो. पलटणीचा टोपीवाला तरुण, मान जरा जास्तच ताठ. त्याच्यापुढे देवीचे चित्र, तिच्यापुढे काच.

"आबा," मिस्त्री म्हणाला, "पोरगं घरातच हाय."

म्हाताऱ्याने फोटो डोळ्यांच्या अगदी जवळ नेला, मग लांब धरला, मग बोटे फिरवली. "कुणी केलं ह्ये?"

हवालदार एक सूप उचलून उगीच उलटसुलट पाहू लागले.

"म्या," सून म्हणाली.

"तू?"

"व्हय मामंजी. देवीच्या आड ठिवलं त्यास्नी. म्हनलं, तिच्या आड हायती तवर कुनाचा हार त्येंच्यापत्तुर पोचायचा न्हाई."

म्हाताऱ्याचा आवाज चढला. "मी काय वैरी हाय का त्याचा? आगं, पोरगं कुठं मातीत पडलं आसंल, तहानेलं फिरत आसंल. माझं डोळं चाललं. डोळं हायती तवर माझ्या हातानं त्याला पाणी द्यावं, येवढंच मागतोय मी."

"आनि जिते आसले तर? जित्या मानसाला तसलं पाणी देनार तुमी?"

"अडीच वर्सं झाली, पोरी."

"झाली. मोजल्यात म्या." ती उंबऱ्याच्या बाहेर आली. "तुमचं डोळं गेलं तर मी हात धरीन. शेताला नीन, देवाला नीन. वाट बघाय डोळं लागत न्हाईत, मामंजी."

मी कॉलेजात दोन वर्षे इंग्रजी नाटके वाचली होती. इतके सरळ उत्तर त्यात आढळल्याचे मला आठवत नाही.

म्हातारा बराच वेळ फोटो मांडीवर घेऊन बसला. मग मिस्त्रीच्या दिशेने मान वळवली. "मिस्त्री, ह्यो सुतारानं मारल्याला खिळा निघतोय का रं?"

"निघतोय की. भोक ऱ्हाईल."

"भोकाचं काय करशील?"

"सागाचा भुस्सा आनि सरस भरून घासून टाकतो. आबा, हात फिरवूनबी घावायचं न्हाई."

"मग काढ."

मिस्त्रीने खिळा काढला. घाईने नव्हे, जरा हलवून, जरा फिरवून, लाकूड दुखावणार नाही असा. चीर गेलेल्या कोपऱ्यात सरस भरला आणि सुताडा आवळून बांधला. देवीचे चित्र सुनेला दिले, खणाचा तुकडाही दिला. फोटो पूर्वीच्या जागी बसवून खिळे आडवे दाबले. मागे चिकटवायला कागद होता, पण खळ आणायला तो विसरला होता. सून न सांगता आत गेली आणि वाटीत मेथी घेऊन आली.

"चालंल का?" तिने विचारले.

"चालवून घेऊ," मिस्त्री म्हणाला, "पर पावसाळ्याआधी दुकानात आना. कसर लागंल."

मुद्देमाल परत केल्याची पावती मी तिथेच लिहिली. म्हाताऱ्याने अंगठा उठवला आणि अडून बसला. "माझा अंगठा तुमच्याकडं ऱ्हाणार. मग माझ्याकडं काय?" हवालदार म्हणाले, "आबा, तुमच्याकडं तुमचा खराखुरा अंगठा हाय की!" पण तो ऐकेना. शेवटी मी तीच पावती दुसऱ्या कागदावर लिहिली, तिच्यावरही त्याचा अंगठा घेतला, खाली माझी सही केली आणि त्याला दिली. त्याने ती घडी करून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली.

केस मी 'सी' समरीत काढली. म्हणजे फिर्याद खोटी नाही, पण गैरसमजाने झालेली. वरिष्ठांनी मला बोलावून घेतले. "तपासात मेथी कुठून आली हो?" त्यांनी विचारले. मी जे होते ते सांगितले. त्यांनी सही केली आणि म्हणाले, "पुढच्या वेळी आधी मागची बाजू बघत जा."

ते मी आयुष्यभर पाळले. पंचनामा करताना वस्तू पुढून जितकी पाहिली तितकीच मागून पाहिली, आणि माणसांचेही तसेच केले. पुढे खून पाहिले, दरोडे पाहिले. त्या कामांत माझे नाव झाले असेल, पण तपास म्हणजे काय हे मला सरसाने माखलेल्या त्या बोटांनी शिकवले. माणूस चोरी का करतो हे आम्हाला शिकवले जाते. माणूस लपवतो का, हे फार कमी शिकवतात. आणि आपल्या घरातून, वस्तीवरून आपण जे घेऊन येतो त्याची कॉलेजात लाज वाटते, मलाही वाटे. पण त्या दिवशी माझ्या दोन वर्षांच्या कॉलेजपेक्षा आईच्या हाताचा वासच उपयोगी पडला. आमच्यासारख्यांच्या घरातून आज जी मुले पहिल्यांदा शिकायला बाहेर पडत आहेत, त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितो आहे.

त्यानंतर माझी बदली सांगलीकडे झाली. लढाई संपली. पलटणी परत येऊ लागल्या. रेल्वे स्टेशनवर बंदोबस्ताला असताना उतरणाऱ्या शिपायांच्या तोंडांकडे मी पाहत असे. मान जरा जास्त ताठ असलेला एखादा दिसतो का, म्हणून. नाव पुकारून विचारण्याचा धीर कधी झाला नाही. पुढे तेही सुटले.

मग एका सकाळी टपालात पोस्टकार्ड आले. मिस्त्रीला लिहिता येत नव्हते, कुणाकडून तरी लिहून घेतले होते. ते माझ्या पेटीत अजून आहे.

'साहेबांस रामराम. ती तसबीर गेल्या साली दुकानात आली होती. फोटोतला माणूस स्वतः घेऊन आला होता. शत्रूच्या कैदेत होता, फार वाळला आहे, पण मान तशीच. मेथी लावलेल्या कागदाला कसर लागली होती, मी म्हणालोच होतो. नवीन कागद लावून दिला. काल तो पुन्हा आला. आबा गेले. पोराच्या हातचे पाणी पिऊन गेले. डोळे पूर्वीच गेले होते, सून हात धरून सगळीकडे नेत होती. आबांचा फोटो कुणी कधी काढलाच नव्हता. त्यांच्या बंडीत तुमची पावती निघाली, अंगठ्याची. ती पोराने आणली होती. मी ती सागाच्या चौकटीत बसवली आहे. खालची पट्टी मेणाने भरली. टांगताना पुढे झुकती टांगायला सांगितले आहे. तुमची सहीही त्यात आली, राग नसावा. ह्या तसबिरीला मी हाराचा खिळा मारला.'